फोन कट झालेला नाही

परदेशी शिकायला जायचं ठरवलं तेव्हा मी सगळ्यांत आधी एक यादी केली होती. कुठे कुठे बोलावं लागणार नाही, याची यादी.

मी तोतरा आहे. आहे म्हणजे आजही आहे. ही काही तोतरेपणा बरा झाल्याची गोष्ट नाही. शब्द मनात तयार असतो, ओठांपर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. गळा आवळल्यासारखा होतो, डोळे मिटतात, समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो आणि मग अवघडून दुसरीकडे बघायला लागतो. 'क' आणि 'प' ही माझी सर्वांत वाईट अक्षरं. आम्ही राहायचो कोथरूडला आणि माझं नाव सुरू होतं 'प'वरून. त्यामुळे 'नाव काय तुझं' आणि 'राहतोस कुठे' या दोन प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नसायचं. बसमध्ये मी कंडक्टरला कधी 'कोथरूड डेपो' म्हटलं नाही. 'शेवटचा' म्हणायचो. 'श' मला जमायचा.

घरात 'तोतरा' हा शब्द कुणी उच्चारत नसे. 'त्याला बोलताना जरा घाई होते' असं आई सांगायची. लहानपणी तिने जिभेला वेखंड उगाळून लावलं, बुधवार पेठेतल्या गणपतीला मंगळवारी मंगळवारी घेऊन गेली. तिथे सगळ्यांबरोबर मी अथर्वशीर्ष घडाघडा म्हणायचो, एकदाही न अडता. ते ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. बाहेर येऊन चप्पल घालताना मी काही बोलायला जायचो आणि पुन्हा तेच.

बाबा कात्रजकडच्या एका डेअरीत दूध तपासण्याच्या प्रयोगशाळेत होते. अबोल माणूस. पण माझ्या बाजूने मात्र ते भराभर बोलायचे. पाहुणे, दुकानदार, डॉक्टर, कुणीही मला काही विचारलं की माझे ओठ हलायच्या आत बाबा उत्तर देऊन मोकळे. 'तो म्हणतोय की...' अशी त्यांच्या वाक्याची सुरुवात असायची. मी काय म्हणतोय ते बहुतेक वेळा त्यांना बरोबर ठाऊक असायचं, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

एम.एस्सी.ला मी भूगर्भशास्त्र घेतलं आणि त्यात पाणी. आपल्याकडचा काळा खडक वरून अखंड दिसतो, पण पाणी असतं ते त्याच्या भेगांमध्ये. या भेगा कुठून कुठे जातात हे कळलं, तर विहीर कुठे खणायची ते कळतं. प्रकल्पासाठी मी कात्रजचा घाट उतरून पलीकडच्या गावांत जायचो आणि विहिरींमध्ये टेप सोडून पाण्याची पातळी मोजायचो. हे काम मला फार आवडायचं, कारण विहीर प्रश्न विचारत नाही. कुणी शेतकरी बांधावर येऊन उभा राहिला तर तोच बोलायचा. "पाणी हाय, पण संक्रांतीपर्यंतच. शेजारच्याला मात्र उन्हाळाभर पुरतंय. त्याची न् माझी हीर शंभर पावलांवर. आता बोला!" मी काही बोलायचो नाही. वहीत लिहून घ्यायचो.

या शंभर पावलांच्या फरकावर कॅनडातल्या एका प्राध्यापकांनी काम केलं होतं. विभागाच्या ग्रंथालयात त्यांचा शोधनिबंध सापडला आणि मी तो इतक्यांदा वाचला की परिच्छेद पाठ झाले. मग सायबर कॅफेत बसून त्यांना ईमेल लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं. मी पुन्हा लिहिलं, त्यांनी पुन्हा. विहिरींच्या नोंदी पाठवल्या, खडकाची चित्रं पाठवली. कागदावर मी कधीच अडखळलो नव्हतो. उलट थोडा चुरचुरीतच होतो. पत्रांतून दिसणारा तो मुलगा मलाही आवडायला लागला होता. शेवटी त्यांनी लिहिलं, रीतसर अर्ज कर, माझ्याकडे एक जागा आहे.

माझ्या यादीत हे सगळं बरोबर बसत होतं. त्या काळी इंग्रजीच्या परीक्षेत संगणकासमोर बसून ऐकायचं, वाचायचं आणि लिहायचं. तोंड उघडायचं काम नव्हतं. माझ्या चौकशीप्रमाणे व्हिसासुद्धा कागदपत्रांवर होणार होता, मुलाखत नव्हती. बोलायला लावणारे देश मी आधीच खोडून टाकले होते. मी मनाशी म्हणायचो, एकदा पोहोचलो की पुढचं पुढे.

अर्जाबरोबर एक निबंध लागायचा: तुम्हाला हे का शिकायचं आहे. तो तपासून घ्यायला आईने मला तळमजल्यावरच्या बाईंकडे पाठवलं. बाई मुलींच्या शाळेतून इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि सोसायटीत सगळ्यांना त्यांचा धाक. त्यांनी निबंध वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "इंग्रजी बरं आहे. माणूस मात्र दिसला नाही कुठे."

मी काहीतरी सांगायला गेलो आणि अडलो. एरवी अशा वेळी लोक माझं वाक्य पुरं करून टाकतात. बाईंनी केलं नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या, चेहऱ्यावर काही न आणता. माझं वाक्य किती वेळाने संपलं कोण जाणे, पण संपलं ते माझ्याच तोंडून. ते झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे आत्ता बोललास ते विहिरीचं, ते लिही."

मी निबंध पुन्हा लिहिला. अर्ज गेला. आणि मग प्राध्यापकांचं ते ईमेल आलं. अर्ज आवडला, आता एकदा बोलू या. पुढच्या गुरुवारी तुमच्याकडच्या संध्याकाळी साडेसातला मी फोन करतो, घरचा नंबर पाठव.

सायबर कॅफेच्या खुर्चीत बसून ते मी तीनदा वाचलं. पहिलं मनात आलं ते हे, की आमच्याकडे फोन नाही असं कळवावं. खरंच तसं लिहिलंही. मग ते पुसलं, नंबर लिहिला, पाठवला आणि घरी न जाता थेट बाईंचं दार वाजवलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "वर जा आणि मला फोन कर."

"आत्ता?"

"नाही, दिवाळीला. अरे, आत्ताच."

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि तळमजल्यावर फोन लावला. बाईंनी उचलला. मला माझं नाव सांगायचं होतं. 'प'वर ओठ मिटले ते मिटलेच. तिकडून आवाज आला, "हॅलो? हॅलो?" आणि फोन ठेवला गेला. मी खाली गेलो तेव्हा दार उघडं ठेवून त्या उभ्याच होत्या.

"लाइन गेली असं वाटलं मला," त्या म्हणाल्या. "समोर असलास की दिसतं तरी. फोनवर नुसती शांतता. त्या माणसालाही तसंच वाटणार."

त्यानंतर आठवडाभर रोज संध्याकाळी मी वरून खाली फोन करत होतो. त्या विचारायच्या, मी उत्तरं द्यायचो. मधे शांतता पसरली की तिकडून कढईत उलथनं फिरल्याचा आवाज यायचा. "सावकाश. माझी भाजी शिजते आहे," एवढंच त्या म्हणायच्या. थोडंफार जमायला लागलं. पण नाव काही निघेना.

बुधवारी त्या म्हणाल्या, "एक कर. पहिल्याच वाक्यात सांगून टाक, मी अडखळतो म्हणून."

"न-नाही," मी म्हणालो. "मग ते घेणार नाहीत."

"आणि न सांगता त्यांना कळणार नाही असं वाटतं तुला?"

मी ऐकलं नाही. बावीस वर्षं जी गोष्ट लपवण्यात घालवली, ती पहिल्याच वाक्यात कशी सांगणार?

गुरुवारी आईने सात वाजताच गॅस बंद केला, कुकरची शिट्टी नको म्हणून. बाबा लवकर आले होते आणि शर्टसुद्धा न बदलता खुर्चीत बसले होते. साडेसातला फोन वाजला. मी उचलला. तिकडून एक मोकळा, मोठा आवाज माझं नाव घेऊन म्हणाला, तूच का बोलतोयस?

'हो' म्हणून चाललं असतं. पण मी नाव सांगायला गेलो. ओठ मिटले. "हॅलो? ऐकू येतंय का? हॅलो?" आणि खट्.

लगेच पुन्हा वाजला. या वेळी माझ्या तोंडून काहीतरी फुटलं, पण तो शब्द नव्हता. तिकडे त्यांनी कुणाला तरी सांगितल्याचं ऐकू आलं, की लाइन फारच खराब आहे. पुन्हा खट्.

तिसऱ्यांदा फोन वाजला नाही. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आई उठून उगाच पाण्याचा ग्लास घेऊन आली. मला रडू येत नव्हतं, काहीच येत नव्हतं. संपलं, एवढंच कळत होतं.

बाबा उठले. खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली. "त्यांचा नंबर आहे ना तुझ्याकडे? चल."

घरच्या फोनवरून परदेशी फोन लावायची सोय नव्हती. कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथपर्यंत आम्ही स्कूटरवरून गेलो. बूथवाला काउंटरमागे पेपर वाचत बसला होता. मान वर न करता त्याने विचारलं, "कुठे लावायचा?"

सवयीने बाबांचं तोंड उघडलं. मी ते पाहिलं. उघडलं आणि मिटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"क—" मी म्हणालो. "क— क—"

बूथवाल्याने आता मान वर केली. "नंबर लिहून द्या ना, कशाला त्रास?"

"थांबा जरा," बाबा म्हणाले. "तो सांगतोय."

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मागे एक बाई फोनसाठी येऊन उभी राहिली होती. शेवटी 'कॅनडा' हा शब्द बाहेर पडला, तोही इतक्या जोरात की ती दचकली. बूथवाला म्हणाला, "अच्छा," आणि काचेच्या केबिनकडे बोट केलं. बाबा बाहेरच थांबले, माझ्याकडे पाठ करून, रस्त्यावरची रहदारी बघत.

रिंग गेली. त्यांनी उचलला. मी डोळे मिटले आणि बाईंनी सांगितलेलं वाक्य इंग्रजीत म्हणायला लागलो. तेसुद्धा अडखळतच. मी अडखळतो. मघाशी दोन्ही वेळा फोन कट झालेला नव्हता. तुम्हाला शांतता ऐकू आली तरी मी इथेच आहे. कृपा करून फोन ठेवू नका.

ते म्हणाले, "अरे देवा. आणि मी तुमच्या टेलिफोन खात्याला शिव्या देत होतो."

मला हसू आलं. कसं आलं माहीत नाही, पण आलं. आणि हसताना छातीतलं काहीतरी सैल झालं. ती जागा मला आजही दाखवता येईल. बरगड्यांच्या मधोमध, एखादी जुनी गाठ सुटावी तसं.

त्यांनी विचारलं, बाहेरच्या फोनवरून बोलतोयस का? मी हो म्हणालो. मग ठेव, ते म्हणाले. घरी पोहोचायला किती वेळ लागेल? दहा मिनिटं, मी म्हणालो. पंधरा घे, ते म्हणाले, माझी कॉफी अजून व्हायची आहे.

केबिनचं दार उघडून मी बाहेर आलो. बाबा वळले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. प्रश्न विचारायलाही घाबरलेला.

"घरी," मी म्हणालो. "ते प-परत फोन करणार आहेत."

परतताना बाबांनी स्कूटर अशी चालवली की मला मागे दांडी घट्ट धरून बसावं लागलं. एरवी मोकळ्या रस्त्यावरही हॉर्न वाजवत हळूहळू जाणारा हा माणूस.

पंधरा मिनिटांनी फोन वाजला आणि आम्ही पाऊण तास बोललो. मी भरपूर अडलो. काही शब्दांना दोनदा सुरुवात करावी लागली, एक वाक्य तर सोडूनच दिलं. पण आता लपवायचं काही उरलं नव्हतं, आणि लपवायचं नसलं की अडण्याचं काही वाटत नाही, ही गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा कळली. त्यांनी त्या दोन विहिरींबद्दल विचारलं. मी भेगेची दिशा सांगितली, पातळी सांगितली, शेतकऱ्याचं 'आता बोला' सांगितलं. ते मोठ्याने हसले. मधेच वाद घातला. माझं एक अनुमान चुकीचं आहे म्हणाले, आणि ते चुकीचंच होतं.

शेवटी त्यांनी सरळ विचारलं, "इथे आलास तर पहिल्या वर्षाच्या मुलांना आठवड्यातून दोन तास शिकवावं लागेल. ते नियमांतच आहे. तुला जमेल?"

आई दारात उभी होती. तिला इंग्रजी फारसं कळायचं नाही, पण माझा चेहरा कळत होता.

"जमेल," मी म्हणालो. "पण हळू जमेल."

"छान. निदान मुलांना टिपणं पुरी करता येतील."

फोन ठेवला तेव्हा माझा शर्ट घामाने भिजला होता. आईने विचारलं, "काय म्हणाले?" बाबा खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेले. खोलीत शांतता होती, आणि त्या शांततेत कुणीही माझ्या वतीने बोललं नाही. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. बराच वेळ लागला. आईने मधेच गॅस पेटवला आणि तिथूनच ऐकत राहिली. सांगून झाल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "बरं झालं," आणि शर्ट बदलायला आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाईंना सांगायला गेलो. त्यांनी ऐकलं, मान डोलावली. "म्हणजे आठवडाभर मी माझी भाजी उगाच करपवली. बुधवारीच ऐकलं असतंस तर एका फोनात झालं असतं." मग आत जाऊन त्यांनी चिवड्याची बशी आणली. सोसायटीत त्यांच्याकडची चिवड्याची बशी फार लोकांनी पाहिलेली नव्हती.

महिन्याभराने प्रवेशाचं पत्र आलं. त्यानंतरची कामं म्हणजे माझ्या यादीच्या नेमकी उलट. ज्या ज्या ठिकाणी बोलणं मी टाळलं होतं, तिथे तिथे आता स्वतः जावं लागत होतं. गुणपत्रिकांच्या प्रती, बँक, पासपोर्टच्या पत्त्यातली दुरुस्ती. बाबांनी एकदाही 'मी येऊ का' विचारलं नाही. एका कचेरीच्या खिडकीवर माझ्यामागे मोठी रांग होती आणि पलीकडचा कारकून टेबलावर पेन आपटत होता. "बोला लवकर."

"मी अडखळतो," मी म्हणालो. "व-वेळ लागेल."

"लागू द्या," तो म्हणाला. "या कचेरीत सगळ्यालाच लागतो."

रांगेतले दोघंतिघं हसले, मीही हसलो आणि माझं काम झालं. असं दर वेळी झालं असं नाही. एका बाईंनी कानाला हात लावून 'काय? काय?' करत मला चारदा विचारलं आणि मी घामाघूम होऊन परत आलो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आधी गेलो नसतो.

घरातही बदल झाला. निरोप घ्यायला नातेवाईक यायला लागले, तेव्हा आई सरळ सांगायची, "तो तोतरा आहे, जरा थांबून ऐका त्याचं." पहिल्यांदा तिच्या तोंडून तो शब्द ऐकला तेव्हा मी चमकलो. तिचं काम चालूच होतं. मावशीला पोहे वाढत होती. मावशीने पोहे घेतले आणि खरोखर थांबून ऐकलं.

पुढे मी गेलो. पहिल्या वर्षाच्या मुलांसमोरचा पहिला तास वाईट गेला. दुसरा त्याहून बरा. दर सत्राच्या सुरुवातीला मी तेच वाक्य म्हणायचो, मी अडखळतो, आणि मग फळ्याकडे वळून खडकाची आकृती काढायला लागायचो. पदवी घेऊन पुण्याला परत आलो आणि आजतागायत शिकवतो आहे, विहिरीही मोजतो आहे. 'क' आणि 'प' अजून तसेच आहेत.

पण सुटका म्हणून मला आठवतात ते निघण्याआधीचे शेवटचे आठ-दहा दिवस. बॅगा अर्धवट भरलेल्या, पलंगभर लोकरीचे कपडे, आई कुठल्या डब्यात कसली पूड ते कागदावर लिहितेय. मी दुपारी जेवून त्या कपड्यांतच जागा करायचो आणि गाढ झोपून जायचो, चार-चार वाजेपर्यंत. इतकी वर्षं मी सतत पुढचं वाक्य मनात घोळवत जगत होतो. कुणी काही विचारलं तर कुठला शब्द टाळायचा, याची जुळवाजुळव झोपेतही चालायची. ती बंद झाली होती. आई बाबांना म्हणायची, "परदेशी जायच्या आधी लोकांना झोप लागत नाही म्हणतात, आणि हा बघा." बाबा दार लोटून घ्यायचे. "झोपू दे त्याला," म्हणायचे.